प्रांद्र, म्हणजे घेणे

मी फ्रान्सला कधी गेलेले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मागाहून कळलं की लोकांचे चेहरे बदलतात. मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर राहणारी, साठीला आलेली बाई फ्रेंच शिकवते आणि हिने फ्रान्स पाहिलेलं नाही? मग मी त्यांना विचारते, तुम्हाला शाळेत गणित शिकवणारे सर अनंताला भेटून आले होते का? यावर बहुतेक जण चहाच्या कपात बघू लागतात.

भाषा मला येते. चांगली येते, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. कॉलेजात असताना लागलेलं हे वेड लग्नानंतर कोराडीच्या कॉलनीतही सुटलं नाही. नवरा तिथल्या वीज केंद्रात होता. दोरीवरचे कपडे काढायला जरा उशीर झाला की त्यांच्यावर राखेचा पातळ थर बसायचा. तो झटकत झटकत मी क्रियापदं पाठ करायचे. शेजारणींना वाटायचं, हिचा काही तरी जप चाललाय. पुढे कॉलनीतलीच काही पोरं शिकायला येऊन बसली, त्यांना बोर्डात मार्क पडले, आणि मार्क पडले की नागपुरात निराळी जाहिरात करावी लागत नाही. नवरा निवृत्त झाल्यावर आम्ही इकडे फ्लॅट बघू लागलो तेव्हा हॉल मोठा हवा, एवढी एकच अट मी घातली होती.

बाकीचे शिक्षक सुरुवात करतात ती ‘असणे’ या क्रियापदापासून. मीही करते, नाइलाज म्हणून. पण माझं खरं शिकवणं सुरू होतं ‘प्रांद्र’पासून. प्रांद्र म्हणजे घेणे. फ्रेंच माणूस सकाळी उठतो आणि घ्यायला लागतो. तो अंघोळ करत नाही, शॉवर घेतो. मग न्याहारी घेतो, छत्री घेतो, बस घेतो, डावीकडचा रस्ता घेतो. गारवा घेतो, म्हणजे त्याला सर्दी होते. तुमच्या बातम्या घेतो, म्हणजे तुमची विचारपूस करतो. इंग्रजीच्या आधाराने शिकणारी मुलं इथे चाचपडतात. मी त्यांना म्हणते, इंग्रजी जरा बाजूला ठेवा आणि घरात कसं बोलता ते आठवा. आपण चहा पितो, पण पाहुण्याला विचारताना ‘घेता का’ असंच विचारतो ना? निर्णय घेतो, काळजी घेतो, निरोप घेतो, एखादी गोष्ट मनावर घेतो. फ्रेंच माणूसही मनावरच घेतो, फक्त त्याचं मन त्याच्या हृदयात असतं.

आपलं ‘घेणे’ जिथे थांबतं तिथे ‘धरणे’ आणि ‘लागणे’ मदतीला येतात. झाड मूळ धरतं ते प्रांद्र. विस्तव पेट घेतो ते प्रांद्र. रात्री विरजण लावलेलं दही सकाळी लागतं, तेही प्रांद्रच. ‘आ प्री’, लागलं. सकाळी पातेल्यावरचं झाकण काढून मी ओट्यापाशी मोठ्याने ‘आ प्री’ म्हणते. नवऱ्याला सबंध फ्रेंचमधलं तेवढं एकच वाक्य येतं आणि तो ते पाहुण्यांसमोर वापरतो. कोणी उगाच भडकलं तर विचारायचं, ‘केस कि त प्रां?’ म्हणजे तुझ्या अंगात आज काय शिरलंय? हे मुलं लगेच उचलतात आणि एकमेकांना विचारत जिना उतरतात.

हे सगळं फळ्यावर होतं. चहाचा धडा मात्र फळ्यावर होत नाही.

दर नव्या बॅचला मी एका संध्याकाळी ट्रे घेऊन बाहेर येते. ट्रेमध्ये चहा, चिवडा आणि संत्रा बर्फी. एकेकासमोर उभी राहून विचारते, ‘व्हू प्रने दु ते?’ चहा घेणार? आणि पहिल्या दिवशी यच्चयावत पोरं म्हणतात, ‘नों, मेर्सी.’ हे त्यांना मी शिकवलेलं नसतं, ते घरून येतं. आपल्याकडे कोणी काही देऊ केलं की आधी नाहीच म्हणायचं असतं. नको, आत्ताच झाला. नको, कशाला उगाच त्रास. मग घरची बाई म्हणणार, असं कसं, अर्धा कप तरी घ्या. पाहुणा पुन्हा नको म्हणणार, पण या वेळी जरा हळू आवाजात. मग ती कप हातातच देणार आणि तो ‘आता तुम्ही म्हणताच आहात तर’ असं म्हणून बशीत ओतणार. यात खोटं कोणीच बोलत नसतं, कारण शेवट काय होणार ते दोघांनाही ठाऊक असतं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस निघून गेला की आमच्याकडे त्याच्यावर बोललं जातं.

मी ‘नों, मेर्सी’ ऐकते आणि ट्रे उचलून सरळ आत नेते. पुन्हा विचारत नाही. पोरांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असतात. एक जण तर चिवड्याच्या दिशेने हात अर्धवट उचलून तसाच बसला होता. मग बाहेर येऊन सांगते, बाळांनो, फ्रेंच माणूस तुमचा शब्द खरा मानतो. तुम्ही नाही म्हणालात तर तो मुकाट्याने ट्रे परत नेईल आणि त्याला वाटेल की आपण तुमचा मान राखला. हवं असेल तर हवं म्हणा. नवऱ्याला ही माझी पद्धत राक्षसी वाटते. क्लास सुटल्यावर तो खाली गेटपाशी जाऊन पोरांच्या हातात बर्फी कोंबतो असा मला दाट संशय आहे. पण पुढच्या वेळी ट्रे रिकामा होऊन आत जातो, आणि ती पोरं प्रांद्र जन्मात विसरणार नाहीत हे मी लिहून देते.

या धड्यातून गेलेल्या एका पोरीबद्दल मला सांगायचंय.

ती नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. घरी संत्रा आणि मोसंबीची बाग, आईवडील दोघेही स्वतः शेतात राबणारे. अकरावीला नागपूरला आली, वसतिगृहात राहिली, मार्कांसाठी फ्रेंच घेतलं आणि मार्क मिळाल्यावर सोडायचं विसरून गेली. झाडाने मूळ धरणे मी शिकवलं त्या दिवशी तिने विचारलं होतं, ‘‘मॅम, संत्र्याच्या खुंटावर फांदीचा डोळा बांधतात अन् मंग कलम लागते, तेही हेच क्रियापद काय?’’ मी शब्दकोश काढून पाहिला. हेच होतं. मला तेव्हाच कळलं की ही पोट्टी भाषा नुसती पाठ करत नाही, घरी नेऊन वापरून बघते. ती माझी लाडकी झाली. सगळ्या मुलांवर सारखंच प्रेम करणारे शिक्षक असतात म्हणे. मी त्यांतली नाही.

पदवीनंतर तिला विमानतळाच्या बाजूला एका फ्रेंच कंपनीत दुभाष्याची नोकरी लागली. तिकडून शिकवणारे यायचे, इकडची पोरं मशीनवर उभी असायची, आणि मधे ही. त्या प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख एक फ्रेंच बाई होत्या. सगळे त्यांना मादाम म्हणायचे, म्हणून मीही मादामच म्हणते. दुभाषी म्हणून गेलेली ही पोरगी वर्षभरात वेळापत्रक लावायला लागली, कोणत्या पोराला काय समजलं नाही ते शोधायला लागली, तिकडच्या माणसांची आणि इकडच्या माणसांची भांडणं मिटवायला लागली. विभागाचं निम्मं काम तीच करत होती आणि मादाम ते जाणून होत्या.

मग मादामची परत जायची वेळ आली. आणि एका रविवारी दुपारी ही माझ्याकडे आली, चप्पल न काढताच दारात उभी.

‘‘मॅम, मादामनं मले विचारलं.’’

‘‘काय विचारलं?’’

‘‘माह्या मागून माहं काम घेता काय म्हणून.’’

फ्रेंचमध्ये यालाही प्रांद्रच लागतं. कोणाच्या मागून त्याचं काम पुढे चालवायचं, तर त्याचं ‘पुढचं घ्यायचं’. मी टाळीच वाजवली. तिचा चेहरा काही हलला नाही.

‘‘मग?’’

‘‘मी नाही म्हटलं.’’

‘‘काहून?’’ माझ्या तोंडून एरवी पुस्तकी मराठी निघते, पण घाबरले की नागपूर बाहेर येतं.

‘‘एकदम हो कसं म्हणू मॅम? मी म्हटलं, नाही नाही मादाम, मी कुठं, मले नाही जमणार. मले वाटलं त्या म्हणतील, तुले नाही तर कोणाले जमेल. मंग पुन्हा म्हणतील. मंग मी हो म्हणणार होती.’’

‘‘आणि त्या काय म्हणाल्या?’’

‘‘आ बाँ. दाकोर.’’

बरं. ठीक आहे. एवढं बोलून मादाम संगणकाकडे वळल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कार्यालयात बातमी होती की तिकडूनच कोणी तरी पाठवावं असं मादाम कळवणार आहेत.

मी कपाळावर हात मारला. ‘‘अगं, माझ्याकडे पहिल्या दिवशी चहा आत गेला होता तुझा! विसरलीस?’’

‘‘चहाचं वेगळं आहे न मॅम. चहाले मी आता सगळ्याईले पहिल्यांदाच हो म्हणते. पण हे एवढं मोठं. मोठ्या माणसानं आपली खुर्ची देऊ केली अन् आपण पटकन जाऊन बसलो, तर कसं दिसते?’’

मला हसू आलं आणि पाठोपाठ रागही आला. राग तिचा नव्हता. इतकी वर्षं मी पोरांना चहा घ्यायला शिकवत होते आणि समजत होते की काम झालं. ती खाली बसली आणि पहिल्यांदाच सरळ बोलली, ‘‘मले पाहिजे आहे ते काम. लय पाहिजे आहे, मॅम. आमच्या इकडची पोरं मशीनपाशी घाबरून उभी राहतात न, त्याईले कसं शिकवायचं ते मले समजते. नवीन माणूस आला का पुन्हा पहिल्यापासून.’’

‘‘मग उद्या जा आणि मादामना सांग की मला घ्यायचंय.’’

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिला चोरी करायला सांगितली. ‘‘मागू? स्वतः?’’

न मागणं हे त्यांच्या घरात कडक पाळलं जातं. तिनेच मला एकदा सांगितलं होतं, उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली तेव्हा तिच्या आईने शेजारच्या शेतातून पाइप जोडून मागितला नाही. घागरी डोक्यावर आणून लहान कलमांना पाणी घातलं. दोन शेतं सोडून राहणारा माणूस आपणहून पाइप घेऊन आला, तेव्हा त्यालाही आधी नाहीच म्हणाली. अशा घरातली मुलगी.

‘‘ठीक आहे, मीच बोलते,’’ म्हणून मी फोन उचलला. मादामना मी एका कार्यक्रमात भेटले होते, त्यांचा नंबर माझ्याकडे होता. तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला, माझ्या हातातून! ‘‘तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. शपथ आहे.’’ आतल्या खोलीतून नवरा म्हणाला, ‘‘तू काहून मधात पडून राहिली? तिचं तिले करू दे न.’’ दोघे एका बाजूला झाल्यावर माझं काय चालणार. मी शपथ घेतली आणि संध्याकाळभर भांडी आपटली.

मादामना जायच्या आधी संत्र्याची बाग बघायची होती. पोरीच्या आईने फार आधीच जेवायला बोलावून ठेवलं होतं, ते काही रद्द झालं नाही. आईशी बोलायला दुभाषी लागणार, आणि पोरगी तर वाढण्यात असणार, म्हणून मला चल म्हणाली. ती स्वतः आदल्या दिवशीच गावी गेली, जाताना शपथेची पुन्हा आठवण करून दिली. थंडीचे दिवस होते. नरखेडकडे वळल्यावर दोन्ही बाजूंना झाडं फळांनी वाकलेली, फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. मादाम काच खाली करून बघत होत्या. त्या स्वभावाने मोकळ्या, बोलण्यात थेट, आणि त्यांना राग आलाय की नाही हे कळायला वेळ लागत नाही. त्या दिवशी राग नव्हता. पोरीबद्दल त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, ‘‘तिला इथे सुखाने राहायचंय ना? मोठं ओझं नको असेल तिला.’’ मी खिडकीबाहेर बघून ‘हूं’ म्हटलं. इतकं लहान उत्तर मी आयुष्यात कोणाला दिलेलं नाही.

शेतात रोडग्यांचा स्वयंपाक होता. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि वरून तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. वडील आधी मादामना बागेतून फिरवून आणायला गेले, खुंटावर बांधलेले डोळे दाखवायला. मी विस्तवापाशी आईजवळ बसले. त्या सडसडीत, चपळ, बोलताना हात थांबत नसे. त्यांना सगळं माहीत होतं.

‘‘मॅडम, तुमी तिच्यावर रागावून राहिल्या म्हणे,’’ त्या रोडगा उलटवत म्हणाल्या. ‘‘पोरगी बरोबरच बोलली. कोणी दिलं का लगेच हात पुढं करावं काय? ज्याले द्यायचं असते तो पुन्हा म्हणते.’’

‘‘तिकडचे लोक पुन्हा म्हणत नाहीत.’’

‘‘काहून? त्याईले मन नाही काय?’’

‘‘मन आहे. पण आपण नाही म्हटलं की त्यांना ते खरंच वाटतं.’’

आईने यावर चिमटा निखाऱ्यात खुपसला. ‘‘मंग आपण काय खोटं बोलतो?’’ एवढं म्हणून त्या उठल्या आणि पत्रावळी मांडायला लागल्या. वादात मला असं सोडून जाणारी माणसं कमी भेटतात.

जेवायला झाडाखाली सतरंजी टाकली होती. मादाम मांडी घालून बसल्या, हाताने जेवल्या, वांग्याच्या भाजीला डोळे मिटून दाद दिली. पहिला रोडगा संपला. आई दुसरा घेऊन आल्या. मादामनी पत्रावळीवर हात आडवा धरला, ‘‘नों, मेर्सी.’’ आईंनी त्यांचा हात हळूच बाजूला सारला, रोडगा ठेवला, फोडला, आणि मागे उभ्या असलेल्या पोरीला म्हणाल्या, ‘‘तूप वाढ वं.’’ पोरीने वाढलं.

मादामनी थोडं खाल्लं. पुन्हा वांग्याची भाजी आली. पुन्हा नों, मेर्सी. पुन्हा भाजी पत्रावळीत. मादाम माझ्याकडे वळल्या आणि फ्रेंचमध्ये म्हणाल्या, ‘‘मी नाहीच म्हटलं ना? माझं काही चुकतंय का?’’

जेवणाबद्दल बोलायला मला शपथ आड येत नव्हती. मी सांगितलं की चूक काही नाही. इथे पहिलं नाही हे नाही नसतं. आपण हावरट नाही एवढंच ते समोरच्याला सांगतं. दुसऱ्यांदा विचारणं हे घरच्या बाईचं काम. तिने विचारलं नाही, तर पाहुण्याला वाटतं की द्यायचं मनातच नव्हतं.

मादाम मोठ्याने हसल्या. ‘‘म्हणजे नाही म्हणणाऱ्याला खरं तर...’’ असं म्हणता म्हणता त्यांचं हसू थांबलं. घास हातात राहिला. त्यांनी मान वर करून पोरीकडे बघितलं. ती तुपाची वाटी धरून उभी होती आणि तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

‘‘आणि त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात, ते?’’

मी जीभ दाताखाली धरली. अक्षरशः धरली, दुखली.

‘‘काय म्हणून राहिली वं थे?’’ आईंनी विचारलं.

मादामनी घास पत्रावळीत ठेवला आणि हात पुसला. त्या पोरीशी बोलल्या ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून. ‘‘मी तुम्हाला पुन्हा विचारणार नाही. जेवण आग्रहाने वाढता येतं, काम नाही. मी आग्रह केला आणि उद्या तुम्हाला जड गेलं, तर ते माझ्यामुळे होईल. अजून मी कोणाचं नाव कळवलेलं नाही. तुम्हाला हवं असेल तर तुम्ही सांगा.’’

पोरीने माझ्याकडे बघितलं. वाक्य तिला येत होतं, मीच शिकवलेलं होतं. मी ते ओठांनी सुचवू शकले असते आणि तिने ते उचललंही असतं. मी नजर खाली घालून वरण-रोडगा कालवत बसले. शिक्षकाला एखाद्या वेळी गप्प बसता आलं पाहिजे, आणि मला ते जमलं याचा मला आजही अभिमान आहे.

दूर कोणाच्या तरी शेतात मोटर चालू होती. मग तिने वाटी खाली ठेवली.

‘‘ज ला प्रां,’’ ती म्हणाली. मी घेते. आवाज फुटला नव्हता नीट. तिने घसा साफ केला आणि पुन्हा बोलली, ‘‘मादाम, मला तुमची जागा हवी आहे. मला ती घ्यायची आहे. द्याल?’’ एकाच दमात. व्याकरण अचूक होतं, पण ते माझ्या लक्षात घरी गेल्यावर आलं.

मादाम तिच्याकडे बघत राहिल्या. ‘‘नक्की?’’

आईंचा धीर सुटला. त्यांनी माझा खांदा हलवला. ‘‘मॅडम, सांगा न काय झालं? पोरीनं काही वावगं केलं काय?’’

मी सांगितलं. गोड करून सांगितलं नाही. ‘‘तुमच्या पोरीनं मादामचं काम आपल्या तोंडानं मागितलं.’’

आई हातात पळी घेऊन उभ्याच राहिल्या. माझ्या मनात आलं, आता ही बाई पाहुण्यांसमोर पोरीला चार शब्द सुनावणार, आणि मी उत्तर तयार करायला लागले. माझ्याकडे उत्तर नेहमी तयार असतं. पोरगी मान खाली घालून उभी होती. आईंनी तिच्याकडे बघितलं, अगदी डोक्यापासून पायापर्यंत. मग पळी पातेल्यात टाकली, पदराला हात पुसले आणि मादामच्या समोर जाऊन खाली बसल्या.

‘‘द्या तिले, बाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माही पोरगी करते. मी मागून राहिली तुमाले. द्या.’’

त्या बाईने जन्मात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. भाषांतर करायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही. मादाम भाषांतरासाठी थांबल्याही नाहीत. त्यांनी आईंचे हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि पोरीकडे बघून म्हणाल्या, ‘‘दाकोर. तुमचं नाव कळवते.’’

तेव्हा कुठे पोरगी रडायला लागली. तोंडावर ओढणी घेऊन, खांदे हलवून. मादामसाठी संत्री तोडायला गेलेले वडील बागेच्या टोकाकडून पिशवी भरून येत होते, ते तिथेच थबकले.

आई उठल्या. त्यांनी तिच्या तोंडावरची ओढणी ओढून काढली.

‘‘काहून रडून राहिली वं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘घेतलं न आता.’’